गावात युद्धस्मारक उभारताना: नावांच्या यादीपासून शेवटच्या अक्षरापर्यंत

गावात युद्धस्मारक उभारायचे ठरले की बहुतेक ठिकाणी कामाचा क्रम उलटा लागतो. आधी अनावरणाची तारीख आणि पाहुणे ठरतात, मग वर्गणी गोळा होते, मग दगडाची ऑर्डर जाते, आणि दगडवाला ‘मजकूर पाठवा’ म्हणून फोन करू लागला की कोणीतरी एका रात्रीत नावांची यादी लिहून काढतो. त्या यादीत कोणाच्या वडिलांचे नाव चुकते, एखादी वाडी पूर्ण राहून जाते, एकच माणूस दोन नावांनी दोनदा येतो. हे लक्षात येते ते अनावरणाच्या दिवशी, जेव्हा पुढच्या रांगेत बसलेली एखादी म्हातारी नात ‘हे आमच्या आजोबांचं नाव नव्हे’ असे शेजारणीला सांगते.

पुढील टप्पे महाराष्ट्रातील गावांसाठी, तेथील नोंदी आणि तेथील माती-दगड डोळ्यांसमोर ठेवून मांडले आहेत. सर्वांत जास्त वेळ यादीला लागतो. त्यासाठी किमान सहा महिने धरावेत आणि तोपर्यंत अनावरणाची तारीख कोणालाही देऊ नये.

## १. कोणाचे नाव येणार, हे आधी लिहून काढा

पाच ते सात जणांची समिती पुरेशी असते. तिच्यात माजी सैनिक, शाळेतील एखादा शिक्षक, ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी आणि प्रत्येक वाडी-वस्तीचा निदान एक माणूस असावा. एकही नाव गोळा करण्यापूर्वी या समितीने निकष कागदावर लिहून त्यावर सह्या कराव्यात. नावे समोर आल्यावर निकष ठरवू लागलो की प्रत्येक निर्णय कोणत्यातरी घराच्या बाजूने किंवा विरुद्ध घेतल्यासारखा दिसतो, आणि पुढची दहा वर्षे त्यावरून बोलणे होते.

ठरवायच्या गोष्टी चारच आहेत, पण त्या अवघड आहेत. पहिली, ‘गावचा’ कोण? येथे जन्मलेला, येथे घर असलेला, की आजोळी वाढलेला? दुसरी, मृत्यू कोणत्या प्रकारचा धरायचा? लढताना आलेला, की आजाराने, कैदेत किंवा सरावातील अपघातात आलेलाही? तिसरी, सैन्याबाहेरचे लोक घ्यायचे का? म्हणजे सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, पोलीस, पहिल्या महायुद्धातील खेचरवाले, डोलीवाले आणि मजूर पलटणीतील माणसे, आणि कोकणात जहाजांवर गेलेले खलाशी. चौथी, फक्त मृतांची नावे कोरायची, की सैन्यात गेलेल्या सगळ्यांची?

दुसऱ्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: मृत्यूच्या कारणावरून माणसे वगळू नयेत. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या, म्हणजे भारतीय शिपायांच्याही, नोंदी ठेवणारा राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग (इंग्रजीत CWGC) पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ हा काळ धरतो, आणि त्या काळात सेवेत असताना कोणत्याही कारणाने मेलेला शिपाई त्याच्या नोंदीत येतो. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गोळीइतकीच माणसे पटकी, हगवण आणि तापाने गेली, हे लक्षात घेता गावानेही हाच नियम धरणे न्याय्य ठरते. चौथ्या प्रश्नाबाबत मृतांची आणि सेवा करून परतलेल्यांची यादी एकाच शिळेवर मिसळू नये. दुसरी यादी दर वर्षी वाढत जाते आणि तिला लिखित नोंदवहीच योग्य.

## २. गावात आधीच एखादा दगड आहे का, ते पाहा

पहिल्या महायुद्धानंतर मुंबई इलाख्यातील पुष्कळ गावांत एक छोटी संगमरवरी शिळा बसवली गेली. तिचा मजकूर ठरीव असे: या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली आणि त्यांपैकी इतकी मरण पावली. नावे त्यावर सहसा नसतात, पण आकडा असतो, आणि तो आकडा तुमच्या यादीचा पहिला ताळा आहे. ही शिळा जुन्या चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत, वेशीजवळच्या खांबावर, क्वचित एखाद्या पारावर सापडते. चावडी पाडून नवे ग्रामपंचायत कार्यालय झाले असेल तर मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीखाली किंवा धुण्याचा दगड म्हणून वापरात असलेल्या फरशांमध्ये शोधावे. हे विनोदाने लिहिलेले नाही. एका गावात मी अशी शिळा नळाखाली उलटी पडलेली पाहिली आहे, आणि उलटी असल्यामुळेच तिची अक्षरे शाबूत राहिली होती.

दगड सापडला की लगेच घासायला घेऊ नये. आधी तो आहे तसा वाचावा. त्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून एका कडेने प्रकाश टाकणे आणि समोरून फोटो काढणे. दिवसा सपाट दिसणाऱ्या दगडावर अशा तिरप्या उजेडात प्रत्येक खाचेची सावली पडते आणि अर्धे झिजलेले आकडेही वाचता येतात. मग प्रकाशाची बाजू बदलून पुन्हा फोटो घ्यावा, कारण डावीकडून न दिसलेली उभी रेघ उजवीकडून दिसते.

सावधान. संगमरवराला ॲसिड, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर किंवा गाड्या धुण्याचा पाण्याचा जोराचा फवारा यांपैकी काहीही लावू नये. साधे पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश एवढ्यावर भागवावे. शिळेवर ऑइलपेंटचे थर असतील तर ते खरवडण्याचे काम स्वतः करू नये, आणि झिजलेली अक्षरे अंदाजाने काळ्या रंगाने भरूही नयेत. रंगवणाऱ्याने ३ चा ८ केला की पुढच्या पिढीला तो आठच वाटतो.

## ३. कच्ची यादी: घरोघर जाऊन

कच्ची यादी पंचायतीत बसून होत नाही. प्रत्येक वाडीत, प्रत्येक वस्तीत, आणि पूर्वी गावकुसाबाहेर असलेल्या प्रत्येक आळीत प्रत्यक्ष जावे लागते. जुन्या याद्यांमध्ये जी नावे गळतात ती बहुधा याच आळ्यांतली असतात. १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. तिच्यात गेलेल्या माणसाची आठवण आज त्याच्या घराबाहेर कोणाला असण्याचे कारण नाही, म्हणून त्या घरापर्यंत जाणे भाग आहे.

घरात गेल्यावर ‘तुमच्याकडून कोण शहीद झाले’ असा प्रश्न विचारू नये, कारण बसऱ्यात तापाने गेलेल्या पणजोबांना ते घर शहीद म्हणत नसते. ‘लढाईला गेलेला आणि परत न आलेला कोणी होता का’ असे विचारावे. मग वस्तू दाखवायला सांगाव्यात. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. ती भिंगाने वाचावी. मृताच्या वारसाला मिळालेली काशाची गोल ताटली, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची, काही घरांत अजून देवघराच्या मागे असते. तिच्यावर हुद्दा नसतो, फक्त नाव असते. पेन्शनचे कागद, मनीऑर्डरच्या पावत्या, जंगी इनामाची (युद्धसेवेबद्दल मिळालेल्या इनामाची) सनद, टोपीचा बिल्ला यांपैकी काहीही निघाले तरी जागेवरच त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढावा. वस्तू घरातून हलवू नये आणि पदक चिंचेने घासून चमकवायला तर मुळीच सांगू नये.

प्रत्येक नावासाठी एक स्वतंत्र पान ठेवावे. त्यावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, घरात हाक मारायचे नाव, वाडी, पलटण, अंदाजे साल, मृत्यूचे ठिकाण आणि ही माहिती कोणी, कोणत्या तारखेला सांगितली हे लिहावे. सांगणाऱ्याचे नाव लिहिण्याचा कंटाळा केला की चार महिन्यांनी दोन माहित्या एकमेकींशी भांडू लागतात आणि कोणाकडे परत जायचे तेच कळत नाही.

## ४. नोंदींशी ताळा

येथे खरी मेहनत आहे आणि बहुतेक समित्या येथेच घाई करतात.

दोन महायुद्धांतील नावे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची सूची संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येते. नाव टाकून शोधण्याआधी गावाचे नाव टाकून शोधावे, कारण भारतीय शिपायांच्या अनेक नोंदींत ‘अमक्याचा मुलगा, अमुक गाव, तमुक जिल्हा’ असा अतिरिक्त मजकूर असतो. गावाचे इंग्रजी स्पेलिंग जितक्या प्रकारे होऊ शकते तितक्या प्रकारे टाकावे. जिल्हा आजचा नसतो. तासगाव, वाळवा, खानापूर ही गावे १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होती; रायगड १९८१ पर्यंत कुलाबा होता; सिंधुदुर्गातील मालवण, देवगड, वेंगुर्ला १९८१ पर्यंत रत्नागिरीत होते; आणि सावंतवाडी, भोर, औंध, फलटण, कोल्हापूर ही तर संस्थानेच होती.

नावांचे स्पेलिंग हा दुसरा अडसर आहे. ‘लक्ष्मण’ हे नाव त्या काळच्या कारकुनाने तीन-चार वेगवेगळ्या सुरुवातींनी लिहिलेले सापडते. आडनाव पुष्कळदा नसतेच, नुसते स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते. म्हणजे ‘रामा सखाराम’ एवढीच नोंद. अशा वेळी एकाच पलटणीत चार ‘रामा सखाराम’ निघू शकतात, आणि त्यांपैकी आपला कोणता हे फक्त गाव किंवा सैनिक क्रमांक जुळला तरच म्हणता येते.

सावधान. रोमन लिपीत ळ आणि ल, ण आणि न, ड आणि द यांतला फरक राहत नाही. म्हणून इंग्रजी नोंदीवरून मराठी नाव परस्पर तयार करू नये. नोंदीतला ‘बाला’ हा घरचा बाळा असतो आणि ‘दोंदी’ हा धोंडी असतो. दगडावर जाणारे मराठी रूप घरच्यांकडून किंवा मराठी-मोडी कागदावरूनच घ्यावे. शाळेचे जनरल रजिस्टर आणि तहसील कार्यालयातील गाव नमुना १४, म्हणजेच कोतवाल बुकातील जन्माच्या नोंदी, येथे उपयोगी पडतात. त्या मोडीत असतील तर मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यावे. मृत्यूची नोंद मात्र तेथे मिळेल असे धरू नये, कारण परदेशात झालेला मृत्यू कोतवालाच्या वहीत सहसा चढत नसे.

पलटणीच्या नावांचा घोटाळा तिसरा. १९२२ च्या फेररचनेत जुन्या मराठा पलटणी पाचव्या मराठा रेजिमेंटच्या बटालियन झाल्या आणि त्यांचे क्रमांक बदलले: १०३ वी पहिली झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी आणि ११७ वी पाचवी. घरात ‘आमचे आजोबा काळी पाचवींत होते’ असे सांगितले की समितीतील उत्साही मंडळी पाचव्या बटालियनच्या नोंदी उलटू लागतात. काळी पाचवीं ही दुसरी बटालियन, म्हणजे जुनी १०५ वी पलटण आहे. पहिल्या महायुद्धातील माणूस शोधताना १०५ आणि दुसऱ्या महायुद्धातील शोधताना पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी बटालियन, असे शोधावे लागते.

मेसोपोटेमियात गेलेल्यांची नावे बहुधा बसरा स्मारकाखाली नोंदलेली असतात, फ्रान्समध्ये ज्यांची समाधी नाही त्यांची तेथील न्यूव्ह शापेलच्या स्मारकाखाली. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण साध्या शिपायांची फक्त पलटणवार संख्या. त्यामुळे तेथल्या भिंतीच्या फोटोत नाव दिसत नाही म्हणून कोणाला यादीतून काढू नये. कोकणातील खलाशांसाठी मुंबईच्या इंडियन सेलर्स होममधील पहिल्या महायुद्धाचे स्मारक आणि तेथे ठेवलेली दुसऱ्या महायुद्धाची नामावली पाहावी. ज्यांचा मृत्यू १९१४ ते १९२१ या काळात भारतातच झाला त्यांच्यासाठी दिल्लीचे स्मारक, म्हणजे इंडिया गेट, पाहावे.

सूचीत नाव नाही म्हणजे माणूस गेलाच नाही, असेही नाही. आयोगाच्याच २०२१ च्या अहवालाने पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० माणसे, आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत, नावानिशी किंवा अजिबातच स्मरली गेली नाहीत, असे मान्य केले आहे. त्यांतील बरेच जण पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधील होते, तरी मजूर आणि हमाल म्हणून गेलेल्या आपल्याकडील माणसांबाबतही सावधपणा ठेवावा.

१९४७ नंतरची नावे. नवी दिल्लीतील राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या त्यागचक्रातील ग्रॅनाइट फलकांवर ती आहेत आणि संकेतस्थळावर शोधता येतात. पोलीस आणि केंद्रीय पोलीस दलांतील माणसे तेथे नसतात. ती चाणक्यपुरीतील राष्ट्रीय पोलीस स्मारकावर पाहावीत. त्यानंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला लेखी पत्र द्यावे आणि गरज असेल तर त्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला लिहावे: मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला. पत्रात सैनिक क्रमांक नसेल तर उत्तराची आशा कमी धरावी. म्हणूनच आधी घरातली कागदपत्रे पाहायची.

ताळा झाला की प्रत्येक पानावर एक खूण करावी. दोन स्वतंत्र कागद जुळले तर ‘अ’, एक कागद आणि घरची माहिती जुळली तर ‘ब’, आणि नुसती तोंडी माहिती असेल तर ‘क’.

तपासणी. जुन्या शिळेवरील मृतांचा आकडा आणि तुमच्या पहिल्या महायुद्धाच्या यादीतील आकडा जुळतो का? यादीत माणसे जास्त असतील तर एखादा माणूस दोनदा आला आहे का, किंवा दुसऱ्या महायुद्धातला चुकून येथे आला आहे का, ते पाहावे. कमी असतील तर वाड्यांची दुसरी फेरी घ्यावी. जुन्या शिळेच्या काळात ज्या वाड्या गावात मोडत होत्या त्या आता स्वतंत्र ग्रामपंचायतीत गेल्या असतील, हेही ध्यानात असू द्यावे.

## ५. यादी गावासमोर ठेवा

यादी मोठ्या अक्षरांत छापून पंचायत, शाळा आणि देवळाच्या बाहेर किमान ४५ दिवस लावावी. ती केव्हा लावायची, हे महत्त्वाचे आहे. ज्यांना जुनी माहिती आहे त्यांतले निम्मे लोक मुंबई-पुण्याला असतात, म्हणून घाटावर गावची यात्रा आणि कोकणात गणपती किंवा शिमगा त्या ४५ दिवसांत आला पाहिजे. शेजारी एक वही दोरीने बांधून ठेवावी आणि दुरुस्ती सुचवणाऱ्याने नाव व फोन नंबर लिहावा, एवढाच नियम करावा.

त्यानंतर यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. ‘क’ खुणेच्या नावांबाबत निर्णय तेथेच घ्यावा. माझा कल असा की नात्यात नसलेल्या दोन घरांनी स्वतंत्रपणे तीच हकीकत सांगितली असेल तर नाव घ्यावे, नाहीतर ते नोंदवहीत ठेवून शिळेवर जागा मोकळी सोडावी. अंतिम यादी ठरावासह इतिवृत्तात पूर्ण लिहून घ्यावी. ‘सोबतच्या यादीप्रमाणे’ असे लिहिले की ती सोबतची यादी पुढे कधीच सापडत नाही.

## ६. जागा आणि परवानगी

जागेचा मालक कोण, हे सातबारा किंवा गावठाणातील मिळकतीच्या नोंदीवरून पाहावे. गायरानावर ग्रामपंचायतीला परस्पर बांधकाम करता येत नाही. रस्त्याच्या हद्दीत चौथरा बांधू नये. रस्ता रुंद झाला की पहिला तोच जातो. शाळेच्या आवारात मुले रोज पाहतात, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत फाटक बंद असते, हे ध्यानात घ्यावे. मोठ्या वडा-पिंपळाच्या मुळांपासून लांब राहावे.

सैनिकाचा पुतळा बसवण्याचा आग्रह प्रत्येक समितीत कोणीतरी धरतोच. पुतळ्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीची आणि कला संचालनालयाची स्वतंत्र मान्यता लागते. शिवाय स्वस्तात केलेला फायबरचा पुतळा पाच-सात पावसाळ्यांत तडकतो आणि मग बंदूक तुटलेला जवान वर्षानुवर्षे तसाच उभा राहतो. तो पैसा चांगल्या दगडावर आणि चांगल्या खोदाईवर घालावा.

## ७. मजकूर

मजकूर थोडा असावा. गावाचे नाव, युद्धाचे नाव व साल, मृतांची नावे. फार तर वर एक ओळ. ‘धारातीर्थी पडले’ हे शब्द कानाला भारदस्त वाटतात, पण ज्यांच्या यादीत तापाने आणि कैदेत गेलेले आहेत त्यांना ते लागू पडत नाहीत. ‘शहीद’ हा शब्द सैन्यदलांच्या अधिकृत कागदपत्रांत वापरला जात नाही. ‘या गावातील ज्यांनी युद्धसेवेत प्राण दिले’ किंवा ‘जे परत आले नाहीत’ अशी साधी ओळ सगळ्यांना सामावते.

नावांचा क्रम वर्णानुक्रमे ठेवावा. हुद्द्याप्रमाणे लावली की शिपाई खाली जातात. वर्गणीप्रमाणे लावल्याचेही मी पाहिले आहे. प्रत्येक नाव स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या एकाच पद्धतीने यावे आणि पहिल्या महायुद्धातील ज्याचे आडनाव कागदावर नाही ते घरच्यांना विचारून लावावे. शौर्यपदक असेल तर त्याचे पूर्ण नाव लिहावे. ‘कै.’ किंवा ‘श्री’ कोणालाच नको.

देणगीदारांची, सरपंचांची आणि अनावरण करणाऱ्यांची नावे याच शिळेवर घालू नयेत. लावायचीच तर मागच्या बाजूला, छोट्या स्वतंत्र पाटीवर लावावीत. राजमुद्रा कोरू नये. २००५ च्या कायद्याने तिच्या वापरावर निर्बंध आहेत आणि गावाच्या स्मारकाला तो अधिकार नाही.

## ८. आकार आणि दगड

उभी, किंचित मागे कललेली शिळा आणि तिच्याखाली दोन पायऱ्यांचा चौथरा, एवढे पुरेसे आहे. नावे जमिनीपासून ७५ ते १७० सेंटिमीटर या पट्ट्यात आली तर लहान मूल आणि खुर्चीतील वृद्ध दोघेही वाचू शकतात. त्याहून उंच स्तंभावर चढवलेली नावे फक्त फोटोत दिसतात. किमान एक-पंचमांश जागा मोकळी ठेवावी.

उघड्यावर संगमरवर वापरू नये. पावसाने त्याचा पृष्ठभाग साखरेसारखा भुरभुरीत होतो आणि अक्षरांच्या कडा गोल होतात. काळा पाषाण किंवा ग्रॅनाइट घ्यावा. घट्ट, छिद्रे नसलेला काळा पाषाण पाथरवटाकडून निवडून घेतला तर तो ग्रॅनाइटच्या आरशासारख्या पॉलिशपेक्षा गावाला जास्त शोभतो, असे मला वाटते. शिवाय उन्हात त्यावर आपलेच प्रतिबिंब दिसत नाही. कोकणात चौथरा जांभ्याचा चालतो, पण नावांची शिळा जांभ्याची करता येत नाही. तोंड उत्तरेला आणि सावलीत असेल तर शेवाळ लवकर धरते.

## ९. अक्षरे आणि पूर्ण आकाराचा कागदी नमुना

हा टप्पा वगळलेली स्मारके लांबून ओळखू येतात. संगणकावर टाइप केलेला युनिकोड मजकूर दुकानातील जुन्या फॉन्टमध्ये बदलताना रफार सरकतो, ‘र्‍या’चा ‘र्या’ होतो, जोडाक्षरे सुटी पडतात, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. स्क्रीनवर हे नजरेतून सुटते. म्हणून दुकानदाराने अक्षरांचे आकारात रूपांतर केलेली शेवटची फाइल कागदावर खऱ्या मापात छापून घ्यावी, ती स्मारकाच्या जागेजवळच्या भिंतीवर चिकटवावी आणि १५ दिवस तशीच ठेवावी. येणारे-जाणारे उभे राहून वाचतात, आणि आपल्या माणसाचे नाव वाचणाऱ्याची नजर कोणत्याही मुद्रितशोधकापेक्षा कडक असते.

नावांच्या अक्षरांची उंची २५ ते ३० मिलिमीटर ठेवावी. त्याहून लहान देवनागरीत अनुस्वाराचा ठिपका आणि अर्धा र दगडात टिकत नाहीत. शिरोरेषा फार जाड नको. आडव्या खाचेत पाणी आणि धूळ साचते, म्हणून खाच तळाला निमुळती, व्ही आकाराची असावी. सपाट तळाच्या उथळ खोदाईत केवळ रंगच अक्षर दाखवतो आणि रंग गेला की अक्षर जाते.

तपासणी. अंतिम कागदावर समितीतील दोघांनी मिळून, एकाने ठरावातील यादी मोठ्याने वाचत आणि दुसऱ्याने कागदावर बोट ठेवत, प्रत्येक नाव खालून वर वाचावे. उलट वाचले की डोळा पुढचे नाव स्वतःहून जोडत नाही. मग प्रत्येक पानावर सही करून तोच कागद खोदाईला द्यावा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली नंतरची कोणतीही दुरुस्ती ग्राह्य नाही, हे दुकानदाराला लेखी द्यावे.

## १०. बसवणे

काळ्या मातीत चौथरा वर वर बांधला की पहिल्या उन्हाळ्यात माती आकसते, पावसाळ्यात फुगते आणि शिळा कलते. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत पाया खणावा. शिळा नुसत्या सिमेंटने चिकटवू नये. मागून स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांनी अडकवावी. साधे लोखंड गंजून फुगते आणि दगड आतून फोडते. वरच्या कडेला उतार द्यावा आणि चौथऱ्यावर पाणी थांबणार नाही असा निचरा ठेवावा. शिळा उभी करण्यापूर्वी, ती आडवी असतानाच, कागदाशी शेवटचे एकदा ताडून पाहावे. चूक असेल तर दगड परत पाठवायची हीच शेवटची संधी आहे.

जुनी संगमरवरी शिळा असेल तर ती नव्या स्मारकात सिमेंटने गाडू नये. तिच्या मूळ भिंतीत राहू द्यावी, किंवा ती भिंत पडणारच असेल तर छपराखाली, सुटी काढता येईल अशी बसवावी.

## ११. अनावरणानंतर

नावांची सगळी पाने, फोटो, पत्रव्यवहार, ठराव आणि सह्या केलेला पूर्ण आकाराचा कागद यांच्या तीन प्रती कराव्यात: एक पंचायतीत, एक शाळेत, एक गावातील माजी सैनिकांकडे. खोदाईची संगणकीय फाइल आणि फॉन्टचे नाव त्यात असावे, म्हणजे वीस वर्षांनी जोडलेले नाव वेगळ्या अक्षरांत येत नाही. त्याच खाणीच्या त्याच खेपेतली एक कोरी पट्टी घेऊन तीही जपून ठेवावी.

दर वर्षी पावसाळा संपल्यावर शिळा साध्या पाण्याने धुवावी. हार दगडावर चिकटपट्टीने लावू नयेत, कुंकू-तेल शिळेला लागू देऊ नये. चौथऱ्याच्या पायरीवर त्यासाठी वेगळी जागा ठेवली की लोक ती पाळतात. दुरुस्तीची वही पंचायतीत चालू ठेवावी. पहिल्या दोन वर्षांत तिच्यात हमखास एखादे नाव येते, बहुतेक वेळा लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या एखाद्या लेकीच्या घरून.